डेंट कसा पडला, हे विचारायचं नाही

गॅरेज काढलं तेव्हा आप्पांकडे भांडवल म्हणून दोन हातोड्या आणि एक नियम होता. हातोड्या झिजून गेल्या, नियम दोन पिढ्या टिकला. गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं की डेंट कुठे पडलाय ते बघायचं. कसा पडला, हे विचारायचं नाही. नवरे बायकांपासून डेंट लपवतात, बायका नवऱ्यांपासून, मुलं बापांपासून आणि ड्रायव्हर मालकांपासून. या सगळ्यांचे संसार पत्रा ठोकणाऱ्याच्या बंद तोंडावर उभे आहेत, असं आप्पा म्हणायचे. नियमाला त्यांनी एक शेपूटही जोडलं होतं. जो न विचारता सांगतो, तो खोटं सांगतो.

तिसरी पिढी वकील झाली. म्हणजे विचारणं हाच तिचा धंदा झाला, आणि तिथून घरात कुरबुर सुरू झाली.

कंत्राटदारांनी त्या सोमवारी सकाळी न विचारता सांगितलं होतं. "खांबाला लागली, दादा. रिव्हर्स घेताना." डेंट गाडीच्या पुढच्या बाजूला होता. आप्पांच्या थोरल्या मुलाने, दादाने, तो पाहिला, मान हलवली आणि हातोडी उचलली. कंत्राटदारांचे ट्रक, टेम्पो, घरची गाडी, जावयाची गाडी, सगळं आप्पांच्या काळापासून याच गॅरेजात येत होतं. गाडी संध्याकाळपर्यंत हवी होती, आणि संध्याकाळपर्यंत ती अशी झाली की जन्मल्यापासून तिला कुणी बोट लावलं नसावं.

त्याच सकाळी, शाळेच्या वळणावर, दादाची बहीण सायकलवरून उडून गटाराच्या कठड्यावर आपटली होती. गाडी मागून आली, थांबली नाही. बहिणीला गाडीचा मोतिया रंग तेवढा दिसला. मांडीचं हाड मोडलं, मनगट मोडलं. पस्तीस वर्षं इस्पितळात नोकरी करून निवृत्त झाल्यावर ती सायकलवरून घरोघरी ड्रेसिंग करत फिरायची, आणि सगळं गाव तिला सिस्टर म्हणायचं. सख्खे भाऊसुद्धा सिस्टरच म्हणायचे. तिच्या धंद्याची रीत बरोबर उलटी होती. तिथे पहिलाच प्रश्न असायचा, कशानं लागलं?

गाडी गेल्यावर दादा जमीन झाडत होता. बंपर काढताना मागून पडलेला कचरा केरसुणीला लागला, आणि त्यात एक वीतभर तुकडा निघाला. मुदत संपलेल्या, कोऱ्या सलाईनच्या नळ्यांचा विणकाम केलेला तुकडा, मधून हिरव्या कापडाची पट्टी गुंफलेली. सिस्टरने आपल्या सायकलची टोपली स्वतः विणली होती. अशी टोपली जगात एकच होती, कारण दुसऱ्या कुणाला ती नको होती.

दादा केरसुणी तिथेच टाकून इस्पितळात गेला आणि तुकडा तिच्या उशाशी ठेवून म्हणाला, "मीच ठोकला गं डेंट. मला माहीत नव्हतं."

"चांगला ठोकलास?" तिने विचारलं.

"कळायचा नाही कुणाला."

"हेच तर वाईट झालं," सिस्टर म्हणाली आणि भूल उतरत असल्यामुळे रडली. निदान घरात तरी कारण तसंच सांगण्यात आलं.

*

सिस्टर घरी आली ती गॅरेजच्या वरच्या खोलीत. आज रविवार होता आणि कंत्राटदार अकराच्या सुमारास येणार होते. त्यांनी आधी ड्रायव्हरबरोबर एक कागद पाठवला होता. शांतपणे वाचून ठेवा, असा निरोपही. या घरात शांतपणे काही वाचलं गेल्याचं दादाच्या बायकोला, वहिनीला, आठवत नव्हतं.

वहिनी चहाचे कप मांडत होती आणि मनात माणसं मोजत होती. आपली लेक, चिऊ, हट्टाला पेटलेली. सहा महिन्यांची वकिली आणि पहिलीच केस घरची. धाकटे दीर तडजोडीच्या बाजूचे. ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होते, पाण्यासारखेच उताराकडे जायचे, आणि घरात त्यांना साहेब म्हणत. राहिला नवरा. तो गेला आठवडाभर जेवणाशिवाय कशासाठीही तोंड उघडत नव्हता. आणि आपण? वहिनी स्वतःला मोजायला गेली आणि हातातला कप बशीवर जरा जोरात बसला. कंत्राटदारांच्या गाड्या गेल्या तर खाली हातोड्या वाजायच्या बंद होतील. ते तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं, कारण गॅरेजचा हिशेब तीच बघायची.

साहेबांनी चष्मा लावून कागद वाचायला घेतला. "'सदर महिला वयोमानानुसार तोल जाऊन पडल्याने त्यांना दुखापत झाली. माझ्या वाहनाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. तथापि, जुने घरोब्याचे संबंध लक्षात घेता, केवळ माणुसकीच्या भावनेतून मी त्यांचा संपूर्ण औषधोपचाराचा खर्च...'"

"परत वाच," सिस्टर म्हणाली.

"कुठून?"

"वयोमानानुसार."

"सिस्टर, ती भाषा असते गं कागदाची."

"मी अठ्ठावन्नाची आहे. मोटार मागून आली. माझ्या वयाचा नि त्या मोटारीचा संबंध काय? मी वीस वर्षांची असते तर ती वरून उडून गेली असती का?"

"आत्या, थांब." चिऊ पुढे सरकली. "काका, मुद्दा साधा आहे. यावर आत्याची सही झाली की दावा संपला. आत्ताचं बिल मिळेल. पण पाय पुढे वर्षभर चालला नाही, सायकल कायमची सुटली, काम सुटलं, तर त्याचं काय? ती भरपाई विमा कंपनीने द्यायची असते. कंत्राटदारांच्या खिशातून काही जातच नाही!"

"मग ते नाही कशाला म्हणतायत?" वहिनीने विचारलं.

"कारण ते पळाले, आई. गाडीचं निस्तरायला विमा आहे. पळाल्याचं निस्तरायला नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांना भांडण नको होतं, आणि ते नकोच असण्यात आयुष्य गेलं होतं. बहिणीचा प्लॅस्टरमधला पाय त्यांच्याकडे बोट दाखवल्यासारखा उभा होता. तिकडे ते बघत नव्हते. "चिऊ, तू म्हणतेस ते पुस्तकात बरोबर आहे. पण केस वर्षानुवर्षं चालते. नातवंडांच्या काळात निकाल लागतो."

"माझ्या नातवंडांच्या?" सिस्टर म्हणाली. "मग त्याआधी मला लग्नाची केस टाकावी लागेल."

चिऊला हसू फुटलं. वहिनीलाही आलं असतं, पण तिने ते चहाच्या वाफेत घालवलं.

"चेष्टा नको," साहेब म्हणाले. "पुरावा काय आहे आपल्याकडे? एक प्लॅस्टिकचा तुकडा. तो कुठून आला, हे कोण सांगणार?"

कुणीच दादाकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी इतक्या काळजीपूर्वक पाहिलं नाही की खोलीत दादाशिवाय दुसरं काही उरलं नाही.

दादा खिडकीपाशी उभा होता, नखातला रंग दुसऱ्या नखाने काढत. "गिऱ्हाइकाची गोष्ट गॅरेजबाहेर जात नाही," तो म्हणाला. "आप्पांनी मरतानासुद्धा..."

"आप्पा मरताना पाणी मागत होते," सिस्टर म्हणाली. "मी होते तिथे."

"तुला कळत नाही. एकदा मी बोललो की उद्या कोण येईल माझ्याकडे? लोक पत्रा ठोकून घ्यायला येत नाहीत, सिस्टर. लोक गप्प बसण्यासाठी येतात. पत्रा तर कोणीही ठोकेल."

"कोणीही?" वहिनी चटकन म्हणाली. नवऱ्याने स्वतःच्या कामाबद्दल असं बोललेलं तिने कधी ऐकलं नव्हतं. हा माणूस आजारी पडलाय की काय, असं तिला क्षणभर वाटलं.

"ताई," ती सिस्टरकडे वळली, "एक विचारू? राग मानू नका. खर्च मिळतोय, माणूस घरी येतोय. तुम्हाला नेमकं हवंय काय?"

प्रश्न चांगला होता आणि घरात तो आजवर कुणी विचारला नव्हता. सगळे तिला काय मिळायला हवं, हेच सांगत होते.

"वहिनी, माणुसकी माझ्याकडे पुरेशी आहे. मी ती पस्तीस वर्षं लोकांना फुकट वाटली. मला नुकसानभरपाई हवी. माणुसकी देणारा वर बसतो, घेणारा खाली. नुकसानभरपाई देणारा आधी म्हणतो, चूक माझी होती. मला ते वाक्य हवंय. ते लिहून आलं की मग मी सायकलला नवी टोपली विणेन नाहीतर कुबडीला विणेन, ते माझं मी बघेन."

वहिनीने रिकामा कप उचलला, परत ठेवला. मनातल्या मोजदादीत एक माणूस इकडचं तिकडे गेलं, आणि ते आपणच आहोत हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं.

खाली हॉर्न वाजला.

*

साहेब उठून खिडकीपाशी गेले. कंत्राटदार त्याच गाडीतून आले होते. धाडसाला धाडस म्हणावं की सवय म्हणावी, हा प्रश्न होता. मोतिया गाडी गॅरेजच्या दारात उन्हात चमकत उभी होती. साहेबांनी डोळे बारीक केले, मग मान वाकडी केली.

"दादा, कुठे होता डेंट?" त्यांनी हळूच विचारलं.

"डावीकडे. दिव्याच्या खाली."

"काहीच दिसत नाही."

"दिसायचंच नाही," दादा म्हणाला. त्या आठवड्यात पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला, आणि लगेच, तो का उजळला हे कळून, विझला.

कंत्राटदार फळांची परडी घेऊन वर आले. माणूस भारदस्त, आवाज मऊ, पायातले बूट दाराबाहेर अगदी सरळ रेषेत काढलेले. त्यांनी सिस्टरची चौकशी केली, चिऊच्या वकिलीचं कौतुक केलं, वहिनीला चहात साखर कमी सांगितली. मग खुर्ची पुढे ओढून बसले.

"ताई, खरं सांगतो, ऐकल्यापासून झोप नाही. आजकाल लोक गाड्या कशा चालवतात! ठोकतात आणि पळतात."

"हो ना," सिस्टर म्हणाली.

"आता रंगावरून कुणी काहीबाही बोलतं. मोतिया गाड्या गावात डझनभर असतील. पण माझ्या मनात पाप नाही, म्हणून तर तीच गाडी घेऊन आलो. तुम्हीच खाली येऊन बघा... म्हणजे, माफ करा, तुम्हाला नाही यायचं. पण साहेब बघतील. एक ओरखडा दाखवा." ते दादाकडे वळले. "दादा, तुमच्याइतकी नजर गावात कुणाची नाही. तुम्हीच सांगा यांना. माझ्या गाडीला कुठे काही आहे का?"

दादाला वाटलं, प्रश्न किती सोपा आहे. उत्तरही सोपं होतं आणि खरंही होतं. नाही. गाडीला काही नाही. तिथे काही राहू नये म्हणून तो दिवसभर राबला होता, पत्र्यावर तळहात फिरवून फिरवून, डोळे मिटून. त्या तळहाताखालून पत्रा सपाट होत गेला तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. तेव्हा बहीण इस्पितळात पडलेली होती आणि त्याला बरं वाटत होतं. समोर बसलेल्या माणसाने त्याचं कसब विकत घेतलं होतं. त्याची काही तक्रार नव्हती, तो धंदाच होता. पण आता तोच माणूस ते कसब त्याच्याच बहिणीच्या तोंडावर फडक्यासारखं धरत होता.

"नाही," दादा म्हणाला. "आता काही नाही."

"बघा!" कंत्राटदार म्हणाले.

"कसा पडला होता?"

प्रश्न दादाचा होता. वहिनीच्या हातात साखरेचा चमचा होता, तो तिथेच राहिला. कंत्राटदारांना प्रश्न ऐकू आला होता, पण तो या माणसाच्या तोंडून आलाय हे त्यांना पटत नव्हतं. खुर्ची बोलली असती तर त्यांना एवढं आश्चर्य वाटलं नसतं.

"काय?"

"डेंट. कसा पडला?"

"दादा, तुम्ही... आप्पांनी कधी असं..."

"आप्पा नाहीत. मी विचारतोय."

"अहो सांगितलं होतं की तेव्हाच! खांबाला लागली. रिव्हर्स घेताना."

"डेंट पुढे होता."

"मग पुढे घेताना. काय फरक पडतो? खांब तो खांब!"

"कुठला खांब?" हा प्रश्न सिस्टरचा. ड्रेसिंगला आलेल्या माणसाला विचारावं तसा, मऊ आणि न सोडणारा.

"खांब... माझ्या साइटवरचा. लोखंडी."

सिस्टरने डाव्या हाताने उशाजवळचा स्टीलचा ट्रे पुढे ओढला. त्यातला कापूस बाजूला केला आणि विणलेला तुकडा चिमट्याने उचलून उजेडात धरला. चिमट्याची काही गरज नव्हती. पण सवय.

"साइटवरच्या खांबाला टोपली लावलेली असते का हो?"

कंत्राटदार तुकड्याकडे बघत राहिले. ही टोपली त्यांनी कितीदा पाहिली होती. त्यांच्या आईच्या पाठीची जखम भरेपर्यंत ती टोपली रोज त्यांच्याच फाटकापाशी उभी असायची. ते त्यांनाही आठवलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले.

"दादाला मिळाला," सिस्टर म्हणाली, "तुमच्या बंपरमागून."

"हे... दादा, हा विश्वासघात आहे."

"असेल," दादा म्हणाला.

"ताई, तुम्ही समजून घ्या. सकाळची वेळ होती. समोरून उजेड डोळ्यांत. मला काहीतरी लागल्यासारखं वाटलं, पण मला वाटलं..." त्यांनी आवाज आणखी मऊ केला. "मला वाटलं, कुत्रं असेल."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. तडजोडीची आयुष्यभर वकिली केलेल्या माणसालाही इथून पुढे उतार दिसेना.

"कुत्रं असतं तरी थांबायचं असतं," सिस्टर म्हणाली.

कंत्राटदार उठले. मऊपणा खुर्चीतच राहिला. "ठीक आहे. जा कोर्टात. माझी एकही गाडी उद्यापासून या दारात दिसणार नाही. आणि मी एकटा नाही, लक्षात ठेवा. गिऱ्हाइकाचं गुपित फोडणारं गॅरेज म्हणून गावभर होईल."

"गावभर करा," असं म्हटलं ते वहिनीने, आणि तिच्या आवाजाने सगळ्यात जास्त दचकली तीच. "चहा घेऊन जा. साखर कमी घातलीय."

चहा न घेताच ते गेले. फळांची परडी साहेबांनी जिन्यात गाठून परत दिली. नम्रपणे, दोन्ही हातांनी, पण दिली. त्यांच्या आयुष्यातला तो पहिला उठाव होता आणि तो फळांचा का असेना, घरात पुढे कितीतरी वर्षं सांगितला गेला.

*

"आता लगेच बाबांचा जबाब लिहून घेते," चिऊ म्हणाली. तिने कोरा कागद पुढे ओढला आणि आवाज करडा केला. "बाबा, तुम्ही काय पाहिलं आणि काय केलं, तेवढंच सांगा."

दादा आत्ता कुठे खाली बसला. "लिही. मोतिया गाडी. डावीकडे पुढे डेंट, दिव्याच्या खाली. दिवा फुटलेला. पत्रा मी ठोकला, पुट्टी भरली, रंग दिला. बंपरमागे टोपलीचा तुकडा निघाला. काम उत्तम झालं होतं."

"शेवटचं नको, बाबा. त्याची गरज नाही."

"आहे. कोर्ट म्हणेल, डेंट दिसत नाही. नाही दिसत, कारण मी काढला. वाईट काढला असता तर दिसला असता. लिही, उत्तम झालं होतं."

"लिही गं," सिस्टर म्हणाली. "माझा पाय जुळवणाऱ्याबद्दल मला एवढं नाही म्हणता येणार."

वहिनीने थंड झालेले कप गोळा केले. खाली हातोड्या नव्हत्या. रविवार होता म्हणून नव्हत्या, असं तिने स्वतःला सांगितलं. उद्याचं उद्या. "अहो," ती दादाला म्हणाली, "उद्या कुणी आलं तर काय विचाराल?"

दादा उत्तर देणार तेवढ्यात खालून हाक आली. "दादा आहात का हो? सुट्टी आहे, माहितीय. जरा स्कूटर बघता? मडगार्ड दबलंय."

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. या वेळी उघड उघड. दादा उठून खिडकीपाशी गेला आणि बाहेर वाकला. खाली बिस्किटांच्या दुकानातला कारागीर उभा होता, डोक्यावर पिठाने माखलेली टोपी तशीच.

"कसं दबलं?" दादाने विचारलं.

कारागिराने टोपी काढून झटकली, परत घातली. हा माणूस आता स्कूटर वळवणार, वहिनीला वाटलं. साहेबांनी श्वास धरला. त्यांनीच का धरावा, त्यांनाही कळलं नाही.

"फाटकाला घातली, दादा," शेवटी आवाज आला. "फाटक जागच्या जागी उभं होतं. चूक माझीच."

सिस्टरला हसू आलं, हाडापर्यंत कळ गेली, तरी ती हसत राहिली. मग डाव्या हाताने डोळे पुसत म्हणाली, "दादा, याचं काम आधी कर."